जठराला पडलेली खिडकी



रात्रीचें जेवण आटोपून आपण हें भाषण ऐकावयास बसलां असाल असें मी गृहीत धरतों. आमटीभात, पोळी, एखादी पालेभाजी, शेवटीं वाटीभर ताक, एवढें पोटांत गेलें आणि आपण तें विसरूनहि गेलां. घास तोंडांत असेपर्यंत त्यावर आपली सत्ता चालते. तो घशाखालीं उतरला कीं ती संपली. पुढें तो कोठें किती वेळ थांबतो, त्याचें काय होतें, याची आपणांस वार्ताहि नसते. दुसऱ्या दिवशीं, किंवा त्याच्याहि दुसऱ्या दिवशीं, शरीर नकोसा भाग बाहेर टाकतें तेव्हां प्रवास पुरा झाला एवढें समजतें. या शेवटच्या मुक्कामाचें नांव चारचौघांत काढण्याची आपल्याकडे रीत नाहीं. परंतु आजचा विषयच असा आहे कीं तो मुक्काम वगळून चालणार नाहीं, म्हणून त्याबद्दलची क्षमा आरंभींच मागून ठेवतों.

या मार्गाचीं दोन टोकें सर्वांच्या परिचयाचीं. मधला २५ फुटांहून अधिक लांबीचा मार्ग मात्र हजारों वर्षें अंधारांत होता. प्रेताचें विच्छेदन करून जठर कसें दिसतें, आंतडीं किती लांब असतात हें कळलें. पण प्रेत जेवत नाहीं. थांबलेलें जातें पाहून दळण कसें पडतें तें समजावें तरी कसें? जिवंत माणसाच्या पोटांत डोकावण्याची सोय नव्हती, आणि म्हणून ज्याला जें सुचलें तें त्यानें त्या अंधारांत पाहिलें.

आपल्या पूर्वजांनीं तेथें अग्नि पाहिला. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायांत भगवंत वैश्वानराच्या रूपानें प्राण्यांच्या देहांत राहून चार प्रकारचें अन्न पचवितात असें सांगितलें आहे; आणि जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं पाणी फिरवून प्राणाला आहुति देणारे आपले आजोबा हाच सिद्धान्त रोज आचरणांत आणीत असत. वैद्यकांतील आचार्यांनीं जठराग्नि सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद अशा चार प्रकारचा मानिला, आणि अन्न पचलें म्हणजे त्याचे सार व किट्ट असे दोन भाग होतात असें सांगितलें. सारापासून रस, रक्त इत्यादि धातु. किट्टापासून मल आणि मूत्र. लोखंड तापवून शुद्ध करतांना जो मळ निघतो त्यालाहि वैद्य लोहकिट्टच म्हणतात. ही विभागणी मला फार मार्मिक वाटते, कारण शरीर जें घेतें आणि जें टाकतें त्या दोहोंचा विचार तींत एकाच वेळीं केलेला आहे. परंतु हा अग्नि म्हणजे नुसती उपमा कीं खरोखरीची वस्तु, याचा निकाल डोळ्यांनीं पाहिल्यावांचून लागण्यासारखा नव्हता.

युरोपांत तरी दुसरें काय होतें? जुन्या ग्रीक वैद्यकाच्या मतें जठर म्हणजे चुलीवर ठेविलेलें भांडें; यकृताची ऊब त्याला लागते आणि अन्न शिजतें. सतराव्या शतकांत या मताला दोन प्रतिस्पर्धी निघाले. एक पक्ष म्हणे, जठर म्हणजे जातें. इटलींतील कांहीं विद्वानांनीं पक्ष्यांना कांचेचे पोकळ गोळे खाऊं घातले आणि ते चुरडलेले पाहून या पक्षाला मोठेंच बळ आलें. दुसरा पक्ष म्हणे, जठर म्हणजे आंबवण घातलेला रांजण. व्हान हेल्मोंट हा या पक्षाचा अध्वर्यु. चूल, जातें आणि रांजण! स्वयंपाकघरांतील सगळें सामान पोटांत जाऊन बसलें. पोटांत प्रत्यक्ष काय आहे हें मात्र कोणालाच ठाऊक नव्हतें.

१७५२ सालीं फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञानें हा वाद एका पाळीव पक्ष्याच्या साह्यानें सोडविला. घारीच्या जातीच्या शिकारी पक्ष्यांना हाडें, पिसें असें जें पचत नाहीं तें ओकून टाकण्याची संवय असते. रेओम्यूरनें धातूच्या लहान नळ्यांत मांसाचे तुकडे भरले, तोंडांना बारीक जाळी बसविली आणि त्या नळ्या पक्ष्याला गिळावयास लाविल्या. पक्ष्यानें त्या ओकून टाकल्या तेव्हां नळ्या जशाच्या तशा होत्या. आंतील मांस मात्र झिजून विरघळूं लागलेलें होतें. दळण पडलेंच नव्हतें, तरी पचन झालें होतें. अर्थात् जठरांत कांहींतरी पाझरतें आणि तें अन्नाला विरघळवितें. पुढें मांसाऐवजीं स्पंजाचे तुकडे भरून त्यानें तो रसहि पिळून काढला.

पण माणूस कांहीं नळ्या सहजासहजीं ओकून टाकीत नाहीं. माणसाच्या बाबतींत उत्तर मिळवावयाचें तर तें दुसऱ्या टोकालाच मिळावयाचें. एडिंबरो येथें १७७७ सालीं एडवर्ड स्टीव्हन्स या तरुण वैद्यानें दगडगोटे गिळून दाखवून पोट भरणारा एक मनुष्य गांठला. छिद्रें पाडलेल्या पोकळ रुप्याच्या गोळ्यांत मांस भरून त्या त्याला गिळावयास दिल्या. मलावाटे त्या बाहेर आल्या तेव्हां आंतील मांस नाहींसें झालेलें होतें. इटलींत पाव्हिया येथील स्पालान्झानी हा तर धर्मोपदेशक आणि प्राध्यापक. त्यानें दुसऱ्या कोणाला न शोधतां स्वतःलाच कामास लाविलें. चावलेली रोटी तागाच्या फडक्याच्या लहानशा पिशवींत शिवून त्यानें ती गिळली. सुमारें दिवसानंतर पिशवी बाहेर पडली. शिवण शाबूत, फडकें शाबूत, रोटी नाहीं. १७८० सालीं त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले. एका विद्वान् धर्मोपदेशकानें आपल्याच मलांतून पिशव्या शोधून काढाव्या आणि त्यांची शिवण निरखून पाहावी, हें चित्र कोणाला हास्यास्पद वाटेल. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. ज्या मुक्कामाचें नांव आपण घेत नाहीं, मानवी पचनाची पहिली खात्रीची बातमी तेथूनच आली.

तरीहि ही सारी बातमी ऐकीव. घर बंद, आंत काय गेलें तें पाहावयाचें आणि बाहेर काय आलें त्यावरून तर्क करावयाचा. घराला खिडकी पडली ती ६ जून १८२२ या दिवशीं, आणि तीहि एका भयंकर अपघातानें.

उत्तर अमेरिकेंतील ह्यूरॉन व मिशिगन हीं दोन विशाल सरोवरें जेथें मिळतात तेथें मॅकिनॅक नांवाचें एक लहान बेट आहे. त्या काळीं तें केसाळ कातड्यांच्या व्यापाराचें मोठें ठाणें होतें. हिवाळाभर रानावनांत बीव्हर वगैरे जनावरें मारून मिळविलेलीं कातडीं घेऊन होडीवाले उन्हाळ्याच्या आरंभीं तेथें जमत. यांतील बहुतेक कॅनडांतील फ्रेंच वंशाचे गरीब लोक. होड्या वल्हवणें आणि पाठीवर ओझीं वाहणें हा त्यांचा धंदा. अशांपैकीं अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाचा विशीच्या आंतबाहेरचा एक तरुण त्या दिवशीं सकाळीं कंपनीच्या दुकानांत उभा होता. शेजारच्या कोणाच्या तरी हातांतील छर्‍यांची बंदूक हातभर अंतरावरून अकस्मात् उडाली. डाव्या कुशींत तळहाताएवढें भगदाड पडलें, बरगड्या मोडल्या, अंगांतील सदरा पेटला. बेटावरच्या लष्करी ठाण्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट धांवत आले तेव्हां जखमेंतून फुप्फुसाचा एक भाग बाहेर लोंबत होता. त्याखालीं जठर फुटून बाहेर आलें होतें, आणि त्याच्या छिद्रांतून सकाळची न्याहारी सांडत होती. हा मनुष्य छत्तीस तासहि काढणार नाहीं, असें डॉक्टरांनीं भाकित केलें.

तें खोटें ठरविण्याचें श्रेय अर्धें रुग्णाच्या काटक शरीराला आणि अर्धें डॉक्टरांच्या शुश्रूषेला दिलें पाहिजे. पहिले सुमारें सतरा दिवस जें जें तोंडानें दिलें तें तें कुशीच्या छिद्रांतून बाहेर आलें. तेव्हां बस्तीवाटे पोषक द्रव देऊन डॉक्टरांनीं त्याचा जीव राखला. पुढें छिद्रावर घट्ट पट्टी बांधून अन्न आंत राखतां येऊं लागलें. चौथा आठवडा संपतां संपतां रुग्णाला चांगली भूक लागूं लागली, पचन सुरळीत झालें आणि शौचहि पूर्ववत् होऊं लागलें. शेवटची गोष्ट डॉक्टरांनीं आवर्जून टिपली आहे. मार्गाला मध्येंच भोंक पडलें असलें तरी वाहतूक पुन्हां दोन्ही टोकांपर्यंत चालूं झाली होती.

जखम भरली, पण छिद्र बुजलें नाहीं. जठराची कड कुशीच्या कातडीला चिकटून वाढली आणि तेथें एक कायमचें द्वार राहिलें. कांहीं काळानें आंतल्या अस्तराची एक घडी त्यावर पडद्यासारखी आली, त्यामुळें अन्न बाहेर येईनासें झालें. पण बोटानें पडदा लोटला कीं आंतलें सर्व दिसे. टांके घालून तें बंद करण्यास रुग्ण कबूल झाला नाहीं, असें डॉक्टर लिहितात. इकडे गांवच्या अधिकाऱ्यांनीं दहाएक महिन्यांनंतर या अपंगाचा खर्च सोसण्याचें नाकारलें आणि त्याला शेंकडों कोसांवरील त्याच्या मुलखांत पाठवून देण्याचें ठरविलें. अशा स्थितींत तो वाटेंतच मेला असता. डॉक्टर बोमाँट यांनीं त्याला स्वतःच्या घरीं नेलें, खाऊंपिऊं घातलें, रोज जखम धुतली. ही निव्वळ दया होती कीं जठराच्या खिडकीवर त्यांचा डोळा तेव्हांच गेला होता? दोन्ही असावें असें मला वाटतें. बोमाँट यांनीं विद्यापीठाचें तोंड पाहिलेलें नव्हतें. एका वैद्याच्या हाताखालीं उमेदवारी करून ते डॉक्टर झाले होते. अशा माणसाच्या घरीं सबंध युरोपांतल्या एकाहि पंडिताला लाभलें नव्हतें असें साधन चालत आलें होतें.

१ ऑगस्ट १८२५ रोजीं दुपारीं बारा वाजतां त्यांनीं पहिला नोंदलेला प्रयोग केला. मसाला घातलेलें गोमांस, खारविलेलें कच्चें गोमांस, खारवून उकडलेलें गोमांस, डुकराची कच्ची चरबी, शिळा पाव आणि कच्च्या कोबीचे काप असे लहान लहान तुकडे रेशमी दोऱ्याला मधून मधून अंतर ठेवून बांधले आणि ती माळ छिद्रांतून जठरांत सोडली. अलेक्सिस घरांतलीं नेहमींचीं कामें करीतच होता. एक वाजतां दोरा ओढून पाहिला: कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस तसेंच. पुन्हां सोडला. दोन वाजतां कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलें मांस दोऱ्यावरून साफ नाहींशीं झालेलीं. बाकीच्या दोन तुकड्यांना विशेष कांहीं झालेलें नव्हतें. पुढें अलेक्सिसच्या पोटांत दुखूं लागलें, अंग गळून गेलें, डोकें चढलें. डॉक्टरांनीं तीहि नोंद त्याच कागदावर केली.

यानंतर जें कोणी पाहिलें नव्हतें तें पाहण्याचा त्यांनीं सपाटा लाविला. जठरांत उष्णतामापक घालून त्यांनीं तेथील उष्णता मोजली. ती सुमारें १०० अंश फॅरनहाइट भरली. रस काढून बाटलींत घेतला, त्यांत मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली तितक्याच ऊन पाण्यांत ठेविली. पोटाला लागला त्यापेक्षां अधिक वेळ लागला, पण मांस बाटलींतहि पचलें! पचन ही जीवशक्तीची गूढ लीला आहे असें म्हणणाऱ्यांना यापरतें उत्तर नव्हतें. जठर रिकामें असतां त्यांनीं आपल्या जिभेचा शेंडा छिद्रांतून जठराच्या अस्तराला लावून पाहिला. आंबट चव लागली नाहीं. अन्न आंत पडलें कीं मात्र त्या फिकट गुलाबी अस्तरावर बारीक बारीक थेंब घामासारखे फुटत, आणि ते आंबट असत. अन्नाची वाट पाहत रस सांठून राहत नाहीं, तो अन्नाच्या स्पर्शानें पाझरतो, हें या थेंबांनीं सिद्ध केलें. अलेक्सिसला ताप असला तर अस्तर लाल व कोरडें होई आणि रस आटे. मद्यपान अधिक झालें तर जागोजाग लाली आणि फोड दिसत, अन् गंमत अशी कीं त्याला स्वतःला कांहींच जाणवत नसे. राग आला म्हणजेहि जठराची शांत रीत बिघडे. आणि राग येण्याचे प्रसंग त्या बिचाऱ्याच्या वांट्याला वारंवार येत!

तो त्याच वर्षीं निघून गेला. डॉक्टरांबरोबर कॅनडाच्या सरहद्दीजवळ आला असतां कोणालाहि न सांगतां त्यानें आपला मुलूख गांठला, लग्न केलें, पोटच्या छिद्रासह होडी वल्हवली. डॉक्टरांनीं कातड्यांच्या व्यापाऱ्यांमार्फत चार वर्षांनीं त्याचा पत्ता काढला आणि आपल्या खर्चानें १८२९ सालीं त्याला बायकामुलांसह मिसिसिपी नदीकांठच्या क्रॉफर्ड किल्ल्यावर आणविलें. तेथें तो लांकडें फोडी, पाणी वाही, घरकाम करी. आणि त्यामधून जठर उघडून दाखवी. पुढें जो पदार्थांच्या पचनकालाचा प्रसिद्ध तक्ता झाला तो या पोटावरून. उकडलेला भात १ तास. तापविलेलें दूध २ तास. कच्ची कोबी व्हिनेगरबरोबर २ तास आणि तीच उकडली तर साडेचार. फार उकडलेलें अंडें साडेतीन. भाजलेलें डुकराचें मांस सव्वापांच. आजाऱ्याला भाताची पेज देणाऱ्या आपल्याकडील कोणा आजीबाईला पहिल्या आंकड्याचें नवल वाटलें नसतें. हा तक्ता पुढें कित्येक आरोग्यपुस्तकांतून जसाच्या तसा उतरला. परंतु त्यांतील काल हा जठर रिकामें होण्याचा आहे, पचन पुरें होण्याचा नव्हे, हें उतरणारे बहुधा विसरले.

१८३१ सालीं अलेक्सिस पुन्हां घरीं परतला, आणि १८३२ सालीं पुन्हां आला. या वेळीं डॉक्टरांनीं सावधपणें लेखी करार केला. अलेक्सिसनें एक वर्ष डॉक्टरांची चाकरी करावी, ते नेतील तेथें जावें, आपल्या जठरावर ते सांगतील ते प्रयोग करूं द्यावे. मोबदला अन्नवस्त्र, राहण्याची जागा आणि १५० डॉलर. डॉक्टरांनीं सही केली. अलेक्सिसला लिहितां येत नव्हतें, त्यानें फुली मारली. रुग्णाची लेखी संमति घेऊन केलेले जगांतील आरंभीच्या प्रयोगांपैकीं हे होत, असें गौरवानें सांगणारे लेखक आहेत. मीं त्या कराराची हकीकत जेव्हां जेव्हां वाचली तेव्हां तेव्हां मला तो चाकराशीं केलेला करारच वाटला. ज्याला आपण काय कबूल करतों हें वाचतांहि येत नाहीं, ज्याच्या मुलांचें पोट या दीडशें डॉलरवर अवलंबून आहे, त्याच्या फुलीला संमति म्हणावयाचें तर तो शब्द फारच सैल करावा लागेल. डॉक्टर आपल्या लिखाणांत या लेंकुरवाळ्या माणसाला मुलगाच म्हणत राहिले. पण त्यांना दोष देतांना माझी मलाच शरम वाटते. कारण आतांपर्यंत मीहि डॉक्टरांना आदरार्थी बहुवचन दिलें आणि ज्यांचें जठर त्यांना सरळ एकवचन. दोघांतील अंतर आपल्या भाषेनेंहि कसें सहज जपलें पाहा. यापुढें तरी तशी चूक करीत नाहीं.

काढलेला रस व्हर्जिनिया विद्यापीठांतील प्राध्यापक डंग्लिसन यांच्याकडे तपासणीस गेला, एक बाटली अटलांटिक ओलांडून स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्याकडे गेली. जठररसांतील मुख्य आम्ल हायड्रोक्लोरिक होय, असें लंडनच्या प्राउट यांनीं १८२३ च्या डिसेंबरांत प्राण्यांच्या जठरांवरून सांगितलें होतें. डंग्लिसन यांना माणसाच्या रसांत तेंच सांपडलें. १८३३ सालीं बोमाँट यांचा ग्रंथ प्लॅट्सबर्ग या लहानशा गांवीं छापून निघाला. सुमारें अडीचशें प्रयोग आणि ५१ निष्कर्ष, असा तो ग्रंथ. युरोपांतील विद्वानांना पहिल्यानेंच अमेरिकेंतील एका खेडवळ छापखान्यांतून शरीरशास्त्र शिकावें लागलें.

१८३४ सालीं अलेक्सिस सेंट मार्टिन घरीं गेले ते परत आलेच नाहींत. डॉक्टरांनीं पत्रें लिहिलीं, पैसे देऊं केले, आपल्या मुलाला बोलावण्यास पाठविलें. कधीं पत्नी नको म्हणे, कधीं मोबदला थोडा वाटे. येतों म्हणावें आणि येऊं नये, असें वर्षानुवर्षें चाललें. निरक्षर माणसाजवळ नकार देण्याचें याहून सभ्य साधन तें कोणतें? १८५३ सालीं डॉक्टर बोमाँट सेंट लुई येथें बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडले आणि त्यांतच २५ एप्रिल रोजीं वारले. तोंपर्यंत ते वाट पाहत होते.

वाट पाहण्यासारखें शास्त्रांत पुष्कळच उरलें होतें. आम्ल एकटें मांस पचवीत नाहीं. त्याच्या जोडीला असणारें द्रव्य बर्लिनमध्यें श्वान यांनीं १८३६ सालीं वेगळें काढून त्याला पेप्सिन हें नांव दिलें. कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम खिडक्या पाडून पुढच्या शास्त्रज्ञांनीं प्रयोग चालविले. रशियाच्या पावलोव्ह यांना त्याबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर तर खिडकीची गरजच संपली. हार्वर्डमधील कॅनन या विद्यार्थ्यानें १८९६ च्या अखेरीपासून प्राण्यांना किरण अडविणारे पदार्थ चारून अन्नाची वाट पडद्यावर पाहण्यास आरंभ केला, आणि मांजर बिथरलें कीं तिच्या जठराची हालचाल थांबते हें त्यांना दिसलें. क्रॉफर्ड किल्ल्यावरील रागाची आठवण येथें कोणालाहि होईल.

परंतु खिडकी जठराची होती, सबंध मार्गाची नव्हती. जठर हें खरें म्हणजे धर्मशाळा आहे. पचनाचें मोठें काम त्याच्या पुढें, सुमारें २० फूट लांबीच्या लहान आंतड्यांत होतें. तेथें यकृताचें पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नावर पडतो, आणि आंतील मखमलीसारख्या अंकुरांतून सार रक्तांत शोषलें जातें. आपण दिवसाकांठीं पितों तें पाणी दोनएक लिटर. पण लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून या मार्गांत सुमारें ९ लिटर द्रव उतरतो. यांतला बहुतेक लहान आंतडें परत घेतें. लिटर-दीड लिटर मोठ्या आंतड्यांत येतो, आणि तेथून मलाबरोबर बाहेर जाणारें पाणी जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. असा काटकसरी संसार क्वचितच पाहावयास मिळेल. आणि तो एक दिवस जरी बिघडला, पटकीसारख्या रोगांत बिघडतो तसा, तर कांहीं तासांत माणूस दगावतो तो एवढ्यासाठींच.

मल म्हणजे न पचलेलें अन्न, ही समजूतहि अपुरी आहे. त्यांत तीन चतुर्थांश पाणी. उरलेल्यांत कोंडा, चोथा असतोच, पण मोठा वांटा मोठ्या आंतड्यांत वस्ती करून राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो. त्याचा पिंगट रंग अन्नाचा नव्हे. आपलें आयुष्य संपलेल्या रक्तपेशींपासून यकृतानें केलेल्या पित्ताचा तो अवशेष आहे. म्हणजे शरीर जें बाहेर टाकतें त्यांत त्याचें स्वतःचेंहि कांहीं झिजलेलें असतें. हे जंतु जठररसाला दाद न देणारा चोथा आंबवितात आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लांवर मोठ्या आंतड्याचें अस्तर पोसतें. तेव्हां जुन्या वादांतला रांजणवाला पक्ष अगदींच चुकला नव्हता. त्याचा रांजण दोनचार हात खालीं होता एवढेंच. जातेंवाल्यांनाहि जठराचें घुसळणें पदरांत घालावें लागेल. उरला अग्नि, त्याला बोमाँट यांचे १०० अंश देऊन समाधान मानूं.

अलेक्सिस सेंट मार्टिन या साऱ्यांतलें फार थोडें ऐकावयास राहिले. डॉक्टरांमागें ते सत्तावीस वर्षें जगले. शेती केली, मोलमजुरी केली, दारूहि सोडली नाहीं. १८५६ सालीं एका प्रदर्शन करणाऱ्या इसमाबरोबर शहरोशहरीं फिरून त्यांनीं आपलें जठर दाखविलें. गरिबी तशीच राहिली. २४ जून १८८० रोजीं क्वेबेक प्रांतांतील जोलिएत्जवळच्या सेंट थॉमस या खेड्यांत ते वारले. तेथें १९६२ सालीं कॅनडाच्या शरीरशास्त्रज्ञांनीं त्यांचा स्मृतिफलक बसविला. पण १८८० च्या त्या जून महिन्यांत वैद्यांना हवें होतें तें जठर. मॉन्ट्रियलचे विख्यात डॉक्टर ऑस्लर यांनीं तें वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयांत राहावें म्हणून खटपट केली होती. शवविच्छेदनासाठीं येण्याचें धाडस करूं नका, असा इशारा त्यांना तिकडून मिळाला.

घरच्या मंडळींनीं प्रेत चार दिवस तसेंच घरांत ठेविलें. दिवस कडक उन्हाळ्याचे. कोणत्याहि डॉक्टराला कांहीं नेण्याजोगें उरूं नये, हाच हेतु. अखेरीस तें चर्चच्या आंत नेण्यासारखेंहि राहिलें नाहीं. प्रार्थना चालूं असतां पेटी बाहेर ठेवावी लागली. मग त्यांनीं कबर नेहमींपेक्षां खोल, आठ फूट खणविली आणि पेटी खालीं सोडली.